मामांची जिप्सी, दोन इंचांची लिफ्ट आणि ब्रेकचे तीन पाइप

12 जानेवारी 2025, रविवार. मुळशीकडच्या एका कोरड्या ओढ्यातून जिप्सी वर काढत होतो. उजवं पुढचं चाक धोंड्यावर चढलं आणि डावं खड्ड्यावर अधांतरी राहिलं. मागून चालत येणारा मित्र एकदम ओरडला, "थांब, हलवू नकोस!" मला वाटलं ऑइल चेंबरला दगड लागला. उतरून पाहिलं तर तो डाव्या चाकाच्या आत बोट दाखवत होता. चेसिसपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) कॅलिपरपर्यंत (चाकाजवळच्या ब्रेकपर्यंत) जाणारा ब्रेकचा रबरी पाइप एरवी सैल वळसा घेऊन लोंबत असतो. तो वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ झाला होता. टोकाच्या पितळी नळीपाशी रबरावर बारीक चिरा उघडल्या होत्या आणि त्यातून आतलं पांढरट कापड दिसत होतं.

चाकाखाली दगड रचले, गाडी इंच-इंच मागे घेतली आणि पौड रस्त्याने तिशीच्या वर न जाता घरी आलो. मागच्या सीटवर माझी लेक बसली होती. त्या रात्री झोप लागली नाही. आठच दिवसांपूर्वी हीच गाडी घेऊन आम्ही चौघं वरंधा घाट उतरलो होतो.

पुढचे साडेतीन महिने या तीन पाइपांमागे गेले. ज्यांच्याकडे लिफ्ट केलेली, म्हणजे उंची वाढवलेली, गाडी आहे, विशेषतः दुसऱ्याने लिफ्ट केलेली, त्यांच्यासाठी सगळं तारीखवार लिहून ठेवतो आहे. मी मेकॅनिक नाही, हिशेबाची नोकरी करतो. पाने धरायला मामांनी शिकवलं, तेवढंच.

गाडी 2010 ची जिप्सी किंग. पहिली नोंदणी 20 मे 2010 ची, मामांच्या नावावर. 2016 मध्ये वेल्ह्याजवळच्या शेताकडे जाणारी वाट पावसात वाहून गेली, तेव्हा त्यांनी एका गॅरेजात दोन इंच उंच पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि त्याला जुळणारे लांब शॉक अब्सॉर्बर बसवून घेतले. गुडघे दुखू लागल्यावर 2023 मध्ये गाडी माझ्या नावावर झाली. पाटे बदलले, शॉक बदलले, शॅकलचे बुश बदलले. ब्रेकचे पाइप मात्र मूळचेच राहिले. नऊ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गाडी सपाट जमिनीवर उभी असताना ते पाइप पुरतात.

जिप्सीला पुढे-मागे दोन्ही चाकं जोडणारे अख्खे अ‍ॅक्सल आणि खाली पाटे आहेत. ब्रेकची लोखंडी नळी, जिला गॅरेजात बंडी पाइप म्हणतात, चेसिसला पक्की बांधलेली असते. चाक मात्र वर-खाली होतं. या दोघांमधलं अंतर सांभाळतो तो रबरी पाइप, म्हणजे ब्रेक होज. पुढे प्रत्येक चाकाला एक आणि मागे चेसिसपासून अ‍ॅक्सलपर्यंत मधोमध एक, असे तीन. दोन इंचांनी लिफ्ट केली की चेसिस आणि अ‍ॅक्सल कायमचे दोन इंच लांब जातात. वर लांब शॉक घातले की लटकलेलं चाक पूर्वीपेक्षा आणखी खाली जातं. आधी शॉक ताणून संपायचा आणि चाक तिथे अडायचं. आता शॉक संपण्याआधी ब्रेकचा पाइप संपतो. म्हणजे चाकाचं वजन पेलायचं काम त्या बिचाऱ्या रबरावर येतं.

18 तारखेला, शनिवारी, चाचांकडे गेलो. नाना पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं गॅरेज आहे आणि जिप्सीवर त्यांचा हात तीस वर्षांचा आहे. त्यांनी तिन्ही पाइप बोटांनी वाकवून पाहिले. म्हणाले, "साहेब, पुढचे दोन्ही ताणले गेलेत. मागचा बरा दिसतो, पण तिघांना एकदमच बदला. आणि बदलेपर्यंत घाटात जायचं नाही." मी विचारलं, एक फुटला तर काय होईल? त्यांनी बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर दाखवला, पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देणारा. त्यात दोन वेगळे कप्पे असतात, एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. पुढचा होज फुटला तर पुढचे दोन्ही डिस्क ब्रेक जातात आणि मागचे ड्रम तेवढे उरतात. ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचीच चाकं करतात. उतारावर नुसत्या मागच्या ड्रमवर काय होईल ते त्यांना सांगावं लागलं नाही.

पर्याय तीन होते. पहिला, चेसिसवरची पट्टी, जिच्यात होजचं वरचं टोक बसतं, ती दोन इंच खाली घ्यायची. स्वस्त आहे, पण बंडी पाइप वाकवावा लागतो आणि चाकाची जास्तीची झेप त्याने पूर्ण भरून निघत नाही. दुसरा, दुसऱ्या कुठल्या गाडीचा लांब रबरी होज शोधायचा. नाना पेठेत मी दोन शनिवार फिरलो. लांबी जुळली तर आटे जुळेनात, आटे जुळले तर बँजोचा (होजच्या टोकाची, बोल्टाने बसणारी कडी) कोन उलटा. ब्रेकच्या बाबतीत "थोडं घासून बसवू" हा शब्द मला ऐकायचा नव्हता. तिसरा, मापाने बनवून घेतलेले स्टीलच्या जाळीचे होज: आत टेफ्लॉनची नळी, तिच्यावर स्टेनलेस तारेची वीण, टोकांना दाबून बसवलेल्या जोडण्या. परदेशातून तयार संच मागवला तर जकात धरून पंधरा हजारांच्या घरात जात होता. भोसरीत एका होज बनवणाऱ्याने 1,450 रुपयाला एक असा भाव सांगितला.

इथे कायद्याचं थोडं सांगतो, कारण हे आधी बघायला हवं होतं असं मला नंतर वाटलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात म्हटलं आहे की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. होज हा बदलायचाच भाग आहे, पण लिफ्ट हा प्रश्न आहे. मामांनी 2016 मध्ये केलं तेव्हा कुणी विचार केला नव्हता. आज मी नव्याने लिफ्ट करायला निघालो असतो तर आधी परिवहन कार्यालयाला लेखी विचारलं असतं. विमा कंपनीला मात्र मी 20 जानेवारीलाच ईमेल केला: गाडी दोन इंच उंच आहे, ब्रेक होज बदलतो आहे. उत्तर यायला 19 दिवस लागले. सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, 412 रुपयांचा जादा हप्ता भरला आणि पॉलिसीवर नोंद झाली. अपघातानंतर दाव्याच्या वेळी हा विषय निघण्यापेक्षा हे बरं.

मोजमाप हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा वेळ घेतो. 25 आणि 26 जानेवारी असे दोन दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेले. आधी 2,100 रुपयांना स्टँडची जोडी घेतली. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. चेसिस उचलून स्टँडवर ठेवली आणि दोन्ही पुढची चाकं मोकळी लटकू दिली. एवढ्याने काम होत नाही. खडकाळ वाटेवर एक चाक वर दाबलेलं आणि दुसरं खाली लटकलेलं असतं, तेव्हा खालचं चाक सर्वांत खोल जातं. म्हणून एका बाजूला चाकाखाली जॅक लावून ते वर दाबलं आणि दुसऱ्या बाजूचं माप घेतलं. मग बाजू बदलली. मग स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. चाक वळलं की कॅलिपर पुढे किंवा मागे सरकतो आणि अंतर बदलतं. सरळ चाकावर पुरणारा पाइप पूर्ण वळणावर कमी पडू शकतो. आमच्याकडे तसंच झालं, डाव्या बाजूला हा फरक जवळजवळ दोन बोटांचा होता.

सुतळीने मोजलं तर चुकतं, कारण सुतळी कुठेही दुमडते आणि होज दुमडत नाही. मी लेकीच्या जुन्या सायकलच्या ब्रेक केबलचं बाहेरचं आवरण वापरलं. ते होजसारखंच ताठर असतं आणि हव्या त्या वळणाने धरता येतं. दोन्ही टोकं चिकटपट्टीने जागेवर लावायची, चाक सगळीकडे फिरवायचं आणि सर्वांत लांबच्या स्थितीतही थोडा वळसा उरेल एवढं ठेवायचं. उलटी परीक्षाही घ्यायची: चाक पूर्ण वर दाबलेलं असताना हा जास्तीचा पाइप टायरला, पाट्याला किंवा स्टीअरिंगच्या दांड्याला घासत नाही ना? लांब म्हणजे सुरक्षित असं नसतं. आमचं माप मूळपेक्षा पुढे 90 मिलिमीटर आणि मागे 110 मिलिमीटर जास्त आलं. ते तुमच्या गाडीला लावू नका. पाटे आणि शॉक वेगळे असतील तर आकडे वेगळे येतील.

1 फेब्रुवारीला भोसरीत ऑर्डर दिली. जुने होज सोडता येत नव्हते (गाडी चालवायची होती), म्हणून जोडण्यांचे फोटो, आट्यांची मापं आणि बँजोचा कोन कागदावर काढून नेला. कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: वर प्लॅस्टिकचं आवरण हवं. उघडी स्टीलची जाळी ज्याला टेकते त्याला कानशीसारखी घासते, आणि तिच्यात चिखलाची बारीक वाळू शिरली की स्वतःलाही खाते. दुकानदाराला विचारायचा दुसरा प्रश्न म्हणजे ब्रेक होजसाठी असलेल्या आयएस 7079 या भारतीय मानकाप्रमाणे माल आहे का, आणि जोडण्या यंत्रावर दाबून बसवल्या आहेत ना. हाताने पिळून बसवायच्या जोडण्या ब्रेकला मी घेतल्या नसत्या.

चार दिवसांत देतो म्हणाले होते. 8 तारखेला आणायला गेलो तेव्हा त्यांनी मोठ्या उत्साहाने तिन्ही होज दाबाच्या पंपावर लावून दाखवले. दाब टिकला, पण पंपात हायड्रॉलिक तेल होतं. हे दुकान मुख्यतः जेसीबी आणि प्रेसचे होज बनवतं, त्यांच्यासाठी ते बरोबरच. ब्रेकच्या बाबतीत मात्र घात होतो. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खनिज तेल नाही, ग्लायकॉलवर आधारलेला द्रव आहे. कॅलिपर आणि मास्टर सिलिंडरमधली रबरी सीलं खनिज तेल लागलं की फुगतात, मऊ पडतात आणि मग एकामागून एक सगळी बदलावी लागतात. टेफ्लॉन तेल शोषत नाही, धुवून वापरा, असं ते म्हणाले. टेफ्लॉनबद्दल त्यांचं बरोबर होतं. पण बँजोच्या कोपऱ्यात राहिलेला थेंब मला दिसणार नव्हता. अर्धा तास बोलणं झालं, आवाज थोडा चढला माझाही. शेवटी त्यांनी नवीन तीन बनवायचं कबूल केलं आणि मी ब्रेक ऑइलची बाटली माझ्याकडची दिली, याच्यावरच चाचणी घ्या म्हणून. नवीन होज 17 फेब्रुवारीला मिळाले, तिन्हींचे 4,350 रुपये. ऑर्डर देतानाच हे सांगून ठेवलंत तर तुमचे नऊ दिवस वाचतील.

22 फेब्रुवारीचा शनिवार. सकाळी सातला सुरुवात. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचा फवारा मारून ठेवला होता. उजवं पुढचं चाक अडीच तासांत झालं आणि मला धीर आला. डाव्या बाजूला चेसिसच्या पट्टीपाशी बंडी पाइपाचा नट पंधरा वर्षांचा गंज धरून बसला होता. मी साधा दहाचा पाना लावला. एक झटका, दोन झटके आणि पाना सुळकन फिरला. नट गोल झाला. मग पकडीने धरून फिरवला तर नटासोबत बंडी पाइपच पिळवटला आणि ब्रेक ऑइल थेंब-थेंब हातावर गळायला लागलं.

त्या क्षणी पोटात खड्डा पडला. गाडी स्टँडवर, एक चाक उघडं, ब्रेक पूर्ण निकामी आणि दुसऱ्याच्या पार्किंगच्या जागेत अर्धी शिरलेली. चाचांना फोन केला. ते आधी म्हणाले, "घाबरू नका, पाइप तुटला तो रस्त्यावर नाही, घरी तुटला." मग विचारलं, "फ्लेअरचा पाना नव्हता का?" नव्हता. हा पाना नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी मिठी मारतो, फक्त पाइप आत शिरेल एवढी फट ठेवतो. 480 रुपयांचा. तो आधी घेतला असता तर पुढचा आठवडा वाचला असता. बंडी पाइप नवीन करायला 1 मार्च उजाडला. चाचांनी त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून लोखंडी पाइपच घेतला. तांब्याचा सहज वाकतो पण हादऱ्याने तडकतो, म्हणून नाही. टोकांना दुहेरी फ्लेअर, म्हणजे नळीची कड आत दुमडून दोन पदरांची करायची, तरच दाबाला टिकते. नळी, नट आणि मजुरी मिळून 650 रुपये. त्या आठवड्यात शेजारच्या काकांनी त्यांची गाडी रस्त्यावर लावली आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे आभार इथे मानायलाच हवेत.

नळी बसली, तिन्ही होज बसले. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचं नवीन वॉशर लागतं, जुनं परत वापरायचं नाही. वीस रुपयांचं वॉशर आहे, पण त्याच्यावर सगळा दाब अडतो. बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला. चेसिसच्या पट्टीत होजला धरणारी चपटी क्लिप असते, ती परत घालायला विसरू नका. ती नसेल तर सगळा हादरा बंडी पाइपावर जातो. होज बसवताना त्याला पीळ पडू द्यायचा नाही. मी प्रत्येकावर लांबीभर खडूची रेघ ओढली होती, ती सरळ राहिली म्हणजे पीळ नाही.

आता ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची. त्यासाठी दुसरा माणूस लागतो आणि तो माणूस दहावीच्या परीक्षेत होता. 17 मार्चला शेवटचा पेपर झाला, 22 मार्चला सकाळी लेक ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी चाकाशी आडवा, निपलला (चाकामागच्या हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. मी म्हणायचं "दाब", तिने सावकाश तीन-चार वेळा पंप करून पेडल दाबून धरायचं आणि म्हणायचं "धरलं". मग मी निपल पाव वळसा उघडायचा, तेल आणि बुडबुडे बाहेर, निपल बंद, मी म्हणायचं "सोड". निपल उघडा असताना पेडल सुटलं तर हवा परत आत ओढली जाते, म्हणून हे तीन शब्द आधी ठरवून घ्या. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या मागच्या चाकाने, शेवट सर्वांत जवळच्या पुढच्या चाकाने. दर सात-आठ दाबांनंतर वरच्या डबीतलं तेल बघायचं. डबी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

तेल मी डॉट 3 च घातलं, डबीच्या टोपणावर लिहिलंय तेच. ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, पण हे तेल हवेतली ओल शोषतं आणि ओलावलेल्या तेलाचा आकडा 140 पर्यंत उतरू शकतो. लांब घाटात सतत ब्रेकवर उतरलं की तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक दाबत नाही. म्हणून उघडून ठेवलेली बाटली पुढच्या वर्षी वापरायची नाही. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या 360 रुपयांना आल्या. आणि हे तेल रंग खातं. फेंडरवर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

दुपारपर्यंत चारही चाकांतून स्वच्छ तेल आलं, एकही बुडबुडा नाही. तरी पेडल मऊ. दाबलं की स्पंजवर पाय ठेवल्यासारखं खाली जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं. लेक म्हणाली, "बाबा, हे बरोबर नाही ना?" नव्हतं. आणखी एक बाटली संपवली, फरक नाही. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की हे मी हातात घ्यायलाच नको होतं.

उत्तर चाचांनी 29 मार्चला घरी येऊन दाखवलं. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर चेसिसला एक व्हॉल्व्ह आहे आणि त्यातून निघालेला दांडा स्प्रिंगने अ‍ॅक्सलला जोडलेला आहे. मागे ओझं असलं की पाटे दबतात, दांडा फिरतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. ओझं नसलं की कमी, म्हणजे मागची चाकं जागीच लॉक होऊन गाडी घसरू नये. या व्हॉल्व्हलाही स्वतंत्र निपल आहे आणि हवा तिथे अडकली होती. ती काढली, मागच्या ड्रमचे लायनर जवळ घेतले, कारण ते फार मागे राहिले होते, आणि पेडल पहिल्याच दाबात टणक झालं.

चाचांनी तिथेच आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. लिफ्टमुळे अ‍ॅक्सल चेसिसपासून दूर गेला, म्हणजे त्या दांड्याला कायम वाटतं की गाडी रिकामी आहे. नऊ वर्षं आमच्या मागच्या ब्रेकला दाब कमी मिळत होता. मामा नेहमी म्हणायचे, "अरे, ही गाडी ब्रेक दाबला की नाक फार खुपसते." पाट्यांचं कारण असेल असं आम्ही समजत होतो. चाचांनी दांड्याच्या खालच्या टोकाची पट्टी लिफ्टइतकीच उंच करून दांडा मूळ कोनात आणला. मजुरी एकूण 1,500. तुमच्या गाडीला हा व्हॉल्व्ह असेल आणि लिफ्ट झाली असेल, तर होजआधी हे तपासा. अंदाजाने मात्र फिरवू नका. दाब जास्त झाला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी होते.

मग चाचणी. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल पंप केलं, पाय दाबून ठेवला आणि इंजिन चालू केलं. पेडल किंचित खाली गेलं, म्हणजे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक. मग पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरलं आणि तेवढ्यात लेकीने टॉर्च घेऊन सगळ्या जोडांवर टिश्यू पेपर टेकवून पाहिला. सगळे कोरडे. प्रत्येक नटावर आणि त्याच्या बाजूला पांढऱ्या रंगाची एक सलग खूण केली. नट जरा जरी फिरला तर खूण तुटलेली दिसते. पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने, मग सोसायटीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस, मग चाळीस.

दुसऱ्या दिवशी, 30 मार्चला पाडवा. गाडीला हार घातला, मामांना आणलं आणि त्यांना चालवायला दिली. त्यांनी रस्त्यावर दोनदा ब्रेक मारला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाक खाली जात नाही रे आता." गुडघे दुखत असूनही पुढचे दोन किलोमीटर त्यांनीच चालवली.

कागदपत्रांचं काम उरलं होतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, आमची 19 मे 2025 ला संपणार होती. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 मध्ये करायचा असतो आणि तो मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून करता येतो. त्याआधी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेतली. चारचाकीला 745 रुपये आणि त्यावर जीएसटी, मिळून 879 रुपये. वेळ घेऊन दहा दिवसांनी प्लेट लागली. प्लेट नसेल तर पुढचं काम अडू शकतं, म्हणून हे आधी उरका. 9 एप्रिलला वाहन संकेतस्थळावर अर्ज भरला. नूतनीकरणाचं शुल्क 5,000 रुपये, पर्यावरण कराची पावती वेगळी. सोबत विमा, पीयूसी, आरसी. पीयूसी आदल्या दिवशी काढून घेतलेलं बरं, तारीख संपलेली असली की रांगेतून परत यावं लागतं.

तपासणी 23 एप्रिलला. सकाळी साडेआठला रांगेत लागलो, आमचा नंबर पावणेबाराला आला. उन्हाने सीट तापली होती, पाण्याची बाटली आणि टोपी न्या. निरीक्षकांनी चेसिस क्रमांकाचा ठसा घेतला, दिवे, हॉर्न, वायपर बघितले. मग वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "पाटे बदललेत?" मी लपवलं नाही. 2016 मधलं बिल, होजची पावती, विम्यावरची नोंद, सगळं एका फाइलमध्ये लावून नेलं होतं, ते दिलं. टायर मूळ मापाचे, 205/70 आर 15, आहेत का ते त्यांनी स्वतः वाचलं. मग बाजूला बसून गाडी चालवायला लावली आणि मध्येच म्हणाले, "मारा ब्रेक." गाडी सरळ रेषेत थांबली. फाइल परत देताना ते एवढंच म्हणाले की यापुढे उंची वाढवू नका. 5 मेला संकेतस्थळावर पुढची पाच वर्षं दिसू लागली.

शंभर किलोमीटरनंतर मी सगळे जोड पुन्हा तपासले, मग पाचशेला. एका जागी, मागच्या होजला, पाट्याच्या यू-बोल्टचं टोक लागून आवरणावर चकाकी आली होती. आवरण फाटलं नव्हतं. तिथे रबराची एक चकती आणि धरायला क्लिप लावून होज दोन बोटं बाजूला घेतला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक टॉर्च घेऊन गाडीखाली जाते आणि आतून ओरडून सांगते, "पांढऱ्या खुणा सगळ्या जागेवर."